मोबाईलच्या पडद्यावर पुराची रेघ



२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला आलेला पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी गेले ३७ फुटांच्या आसपास. शाळेतील कितीतरी मुलांच्या घरात पाणी शिरले, वह्या-पुस्तके भिजली, स्कूटर बुडाल्या. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर विज्ञानाच्या तासाला आठवीतील एका मुलीने विचारले, "बाई, सदतीस फूट म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्याच्याही वर. पण आमच्या घरी तर पाणी स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंतच आलं होतं. मग हे सदतीस फूट कुठले?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि खरे सांगायचे तर तो आमच्यापैकी अनेकांच्या मनात असूनही कोणी विचारला नव्हता. वर्तमानपत्रात येणारा आकडा हा काळा घोडा पुलापाशी नदीच्या पात्रात असलेल्या मोजपट्टीवरचा असतो. आपल्या अंगणात किती पाणी साचले, ते तो आकडा सांगत नाही. शिवाय नदीचे पाणी हौदातल्या पाण्यासारखे सपाट नसते, ते उतारावरून वाहत असते. त्यामुळे एका पुलावरचा आकडा उचलून दोन-तीन किलोमीटर दूरच्या गल्लीला लावता येत नाही.

एवढे समजावून झाल्यावर मागच्या बाकावरून सूचना आली, "मग मोबाईलमध्ये दाखवता येईल ना? कॅमेरा धरला की भिंतीवर रेघ दिसेल, पाणी इथपर्यंत आलं होतं म्हणून!" विज्ञान मंडळाने ही सूचना मनावर घेतली. त्यातून आम्ही काय शिकलो, कुठे फसलो, आणि या तंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी, ते या अंकात सांगत आहोत.

भर घातलेले वास्तव

या तंत्राला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. मराठीत 'संवर्धित वास्तव' असा शब्द वाचायला मिळतो. तो बरोबर आहे, पण जरा वजनदार. आमच्या मुलांनी त्याचे 'भर घातलेलं खरं' असे सुटसुटीत नाव ठेवले. समोरचे खरे दृश्य तसेच ठेवून त्यावर संगणकाने काढलेले चित्र, अक्षरे किंवा रेघ अशी बसवायची की ती वस्तू तिथेच आहे असे वाटावे, एवढाच याचा अर्थ. डोळ्यांवर पेटी चढवून सगळे जगच खोटे दाखवणारे तंत्र वेगळे. त्याला आभासी वास्तव म्हणतात.

आपण हे तंत्र नकळत वापरतही असतो. मोटार मागे घेताना पडद्यावर दिसणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा रस्त्यावर कोणी रंगवलेल्या नसतात. फोटो काढताना चेहऱ्याला येणारे कुत्र्याचे कान, दुकानाच्या गुजराती पाटीवर मोबाईल धरला की तिच्या जागी दिसणारा अनुवाद, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. गावाहून आलेल्या आजींना हा शेवटचा प्रकार दाखवून पाहा, आवडतो.

कल्पना तशी जुनी आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचे पहिले यंत्र बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. १९९० च्या सुमारास विमाने बांधणाऱ्या बोईंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी या तंत्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. विमानातील तारा जोडणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठे जोडायची हे समोरच दिसावे, असा त्यांचा हेतू होता. १९९९ मध्ये जपानचे हिरोकाझू काटो यांनी छापील चौकोनाच्या आधारे चित्र बसवण्याची प्रणाली तयार केली. तिचा उपयोग आम्हाला पुढे झाला.

आपल्या गुजरातचाही यात वाटा आहे. पालनपूरचे प्रणव मिस्त्री मुंबईच्या आय.आय.टी.त शिकून पुढे अमेरिकेतील एम.आय.टी.त गेले. त्यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये म्हैसूर येथील टेड इंडिया परिषदेत 'सिक्स्थ सेन्स' हे यंत्र दाखवले होते. गळ्यात एक छोटा कॅमेरा व प्रक्षेपक, बोटांना रंगीत टोपणे, आणि समोरची भिंत किंवा हाताचा तळवा हाच पडदा! ते यंत्र घरोघर पोहोचले नाही, पण वस्तूंवरच माहिती उमटावी ही कल्पना त्याने लाखो लोकांना दाखवली.

सामान्य लोकांच्या हाती हे तंत्र आले ते २०१६ मध्ये, 'पोकेमॉन गो' या खेळामुळे. त्या वर्षी जुलैमध्ये तो परदेशात सुरू झाला, भारतात अधिकृतपणे आला डिसेंबरमध्ये. त्याआधीच सप्टेंबरमध्ये आपल्या गुजरात उच्च न्यायालयात त्याविरुद्ध अर्ज झाला होता, कारण खेळातील अंडी देवळांच्या जागी दिसत होती! प्रकरण ऐकून मुले हसली. पण दुसऱ्याच्या जागेवर, त्याच्या नकळत, काय चिकटवावे आणि काय नाही हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ मध्ये अ‍ॅपलने एआरकिट व गूगलने एआरकोअर ही साधने जाहीर केली, आणि तेव्हापासून साध्या मोबाईलवर असे कार्यक्रम बनवणे आवाक्यात आले.

मोबाईल आंधळी कोशिंबीर कशी खेळतो

भिंतीवर रेघ दिसायची तर मोबाईलला आपण कुठे आहोत आणि कुठे वळलो आहोत हे क्षणोक्षणी कळले पाहिजे. मोबाईलमध्ये त्वरणमापक व जायरोस्कोप ही दोन इवलीशी साधने असतात. पहिले धक्का ओळखते, दुसरे वळणे. डोळ्यांवर पट्टी बांधून 'तीन पावले पुढे, मग उजवीकडे' असे मोजत चालल्यासारखे यांचे काम. पण पट्टी बांधून आपण किती वेळ बिनचूक चालू? गणित करून पाहा. त्वरण मोजण्यात दर सेकंदाच्या वर्गाला फक्त एक सेंटिमीटरची चूक राहिली, तर दहा सेकंदांत जागेची चूक अर्धा मीटर होते आणि एका मिनिटात १८ मीटर! कारण चूक वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. नववी-दहावीच्या मुलांनी गतीचे सूत्र वापरून हा हिशेब जरूर ताडून पाहावा.

म्हणून मधून मधून पट्टी वर करून चोरून बघावे लागते. ते काम कॅमेऱ्याचे. सेकंदाला साधारण तीस चित्रे घेताना तो प्रत्येक चित्रात ओळखू येतील असे ठिपके शोधतो: फरशीचा कोपरा, खिडकीचे टोक, पोपडा निघालेली जागा. पुढच्या चित्रात तेच ठिपके किती सरकले यावरून स्वतःची हालचाल काढतो आणि सोबत खोलीचा कच्चा नकाशाही रचत जातो. कॅमेरा आणि ही साधने एकमेकांच्या चुका सुधारत राहतात. हे सारे एका सेकंदाच्या तिसाव्या भागात उरकायचे, नाहीतर चित्र मागे पडते. मोबाईल सेकंदाला ६० अंश वळवला आणि उत्तर फक्त पन्नास सहस्रांश सेकंद उशिरा आले, तरी ३ मीटरवरच्या भिंतीवरची रेघ सुमारे १६ सेंटिमीटर बाजूला पळते. डोळ्याला ते लगेच खटकते.

आमचा पहिला प्रयोग शाळेच्या व्हरांड्यात झाला, आणि सपशेल फसला. भिंतीला नुकताच पांढरा रंग दिलेला. मोबाईलला धरायला एकही ठिपका सापडेना. पांढऱ्या भिंतीपुढे तो तसाच गोंधळतो, जसे आपण दाट धुक्यात. खालच्या गुळगुळीत फरशीत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडत होते. त्या प्रतिबिंबालाच तो खरी खूण समजला आणि आपण चाललो की रेघही आपल्याबरोबर चालू लागली. मग एका मुलाने भिंतीवर चित्रकलेचे कागद चिकटवले, आणि रेघ स्थिर झाली! जुन्या, डागाळलेल्या, फुटक्या भिंती मोबाईलला आवडतात, हे त्या दिवशी समजले. पालकांनी शाळेच्या रंगकामासाठी केलेल्या मदतीबद्दल आम्ही आभारीच आहोत.

दुसरी अडचण मोबाईलची. पालकांचे पाच-सहा जुने फोन जमवले, तेव्हा त्यांतल्या दोघांत जायरोस्कोपच नव्हता. स्वस्त फोनमध्ये तो पुष्कळदा गाळलेला असतो, आणि विकत घेताना हे कोणी विचारत नाही. तिसरी अडचण आपल्या बडोद्याच्या उन्हाची. कॅमेरा, गणिते आणि पूर्ण उजेडातला पडदा एकदम चालल्याने फोन आधीच तापतो. त्यात दुपारचे ऊन. दहा-पंधरा मिनिटांत तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागते. आम्ही मग सकाळी साडेसातची वेळ ठरवली.

उंचीचा घोळ

खरी गंमत पुढेच आहे. रेघ भिंतीवर टिकली, पण ती काढायची किती उंचीवर?

मुलांना वाटले, जी.पी.एस. सांगेल. मोकळ्या मैदानात जी.पी.एस. आपली जागा साधारण तीन ते पाच मीटरच्या फरकाने सांगते. पोळीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये फरक आणखी वाढतो, कारण उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतात. उंचीतला फरक तर त्याहूनही जास्त असतो. एका फोनवर बडोद्याची उंची चक्क उणे दिसली. "म्हणजे आपण समुद्राखाली राहतो का?" असे विचारून एकाने सगळ्यांना घाबरवले. कारण असे की उपग्रह पृथ्वीला गणितातल्या गुळगुळीत अंड्यासारखे धरून उंची मोजतात, आणि खरी समुद्रसपाटी त्या अंड्याशी सगळीकडे जुळत नाही. आपल्या भागात ती पन्नास मीटरहून अधिक खाली आहे. काही अ‍ॅप हा फरक दुरुस्त करतात, काही करत नाहीत.

पुराच्या पाण्यात एका फुटाने काय होते ते आपण पाहिले आहे. त्या एका फुटावर फ्रीज वाचतो किंवा जातो. ज्या साधनाची चूक आठ-दहा मीटरची, त्याने काढलेली पुराची रेघ दिसायला कितीही सुंदर असली तरी ती भिंतीवर दाखवणे म्हणजे लोकांची फसवणूक. आम्ही इथे थांबणार होतो.

मार्ग सुचवला तो एका पालकांनी. ते बांधकामाच्या व्यवसायात आहेत. ते म्हणाले, "अहो, गवंडी काय करतो? पारदर्शक नळीत पाणी भरतो. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं. पुराचं पाणीही पाणीच ना?" अगदी खरे! पाणी वाहून गेल्यावर साचून राहिलेल्या भागात, एका सोसायटीच्या आवारापुरते तरी, ते सपाटच होते. म्हणजे एका भिंतीवरचा डाग खात्रीचा असेल, तर नळीने तीच पातळी दुसऱ्या भिंतीवर नेता येते.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या सोसायटीने परवानगी दिली. जिन्याखालच्या भिंतीवर चिखलाची रेषा अजून टिकून होती. टेपने मोजली, जमिनीपासून ३ फूट ८ इंच, म्हणजे ४४ इंच. मुलीच्या घरचा ओटा फरशीपासून ३३ इंच, आणि घराचे जोते अंगणापासून ११ इंच. बेरीज बरोबर ४४! "ओट्यापर्यंत आलं होतं" हे तिचे म्हणणे टेपने सिद्ध केले. मग नळीने तीच पातळी पार्किंगच्या भिंतीवर नेली. ती भिंत दिवाळीआधीच रंगवून झाली होती, तिच्यावर पुराची काही खूण उरली नव्हती.

त्या भिंतीवर आम्ही काटो यांच्या पद्धतीचा एक काळा-पांढरा छापील चौकोन लावला. त्याची लांबी-रुंदी आणि जमिनीपासूनची उंची आम्हाला ठाऊक होती. चौकोनाचे चार कोपरे चित्रात कसे तिरके दिसतात यावरून मोबाईल आपले अंतर व कोन काढतो. यासाठी ना उपग्रह लागतो, ना जायरोस्कोप, त्यामुळे ते दोन स्वस्त फोनही कामाला आले. तीन-चार पावलांवरून रेघ चांगली बसते. फार लांब गेले की चौकोन लहान दिसतो आणि रेघ थरथरते.

चौकोनाखाली 'विश्वामित्री, ऑगस्ट २०२४' असे मराठीत लिहायचे ठरले होते. आम्ही वापरत असलेल्या सॉफ्टवेअरने 'विश्वामित्री'ची पार दशा केली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, 'श्व' फुटून 'श्' आणि 'व' वेगळे, 'त्र'चीही तीच गत. अशी पुष्कळ साधने एकामागून एक अक्षर मांडायचे एवढेच जाणतात. देवनागरीत अक्षरे जोडली जातात, जागा बदलतात, हे त्यांना शिकवलेलेच नसते. शेवटी मुलांनी शब्द दुसरीकडे टाइप करून त्याचे चित्र काढले आणि ते चित्रच चिकटवले. काम भागले, पण इतक्या मोठ्या तंत्रात आपल्या लिपीला मागच्या दाराने शिरावे लागले याचे वाईट वाटते. आपल्या मुलांपैकी पुढे जे संगणकशास्त्राकडे वळतील, त्यांच्यासाठी हे काम वाट पाहत आहे.

रविवारी सकाळी सोसायटीतील मंडळी जमली. पडद्यावर भिंतीच्या खालच्या भागात निळे पाणी आणि वर पांढरी रेघ. मुले एकेक करून भिंतीपाशी उभी राहू लागली. एक त्रुटी लगेच दिसली: मूल भिंतीच्या पुढे उभे असले तरी पाणी त्याच्यावरूनच रंगवले जाई, कारण साध्या कॅमेऱ्याला पुढचे-मागचे कळत नाही. अंतर मोजणारा लेसर असलेले महागडे फोन २०२० पासून मिळतात, त्यांना ते बरेचसे जमते. पण आमच्या कामाला ही त्रुटीच उपयोगी पडली. पाचवीतील एक लहानगा हसत हसत भिंतीला टेकून उभा राहिला, आणि निळा रंग त्याच्या गळ्यापर्यंत आला. त्याच्या आईने फोन हातात घेतला, पाहिला, आणि काही न बोलता परत दिला. त्यानंतर सोसायटीच्या बैठकीत विजेचे मीटर किती उंचीवर न्यायचे यावर चर्चा झाली असे कळते.

आणखी काय करता येईल

रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आपण मुलांना दाखवतो. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या वाड्यातली एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांची युद्धे असा त्यांचा पसारा. चित्रे ठिकठिकाणी पुसट झाली आहेत. हात न लावता, फ्लॅश न टाकता, मोबाईलमध्ये पुसट प्रसंगाभोवती रेघ आणि मराठीत दोन वाक्ये दिसली तर मुलांचे पाय तिथे जास्त वेळ थांबतील. कीर्तिमंदिरातील नंदलाल बसूंच्या चित्रांनाही हे लागू आहे. किंवा मियागाम-डभोईची गोष्ट घ्या. १८६२ मध्ये तिथे लोहमार्ग घातला, पण सुरुवातीला गाडी ओढायला बैल होते! इंजिन नियमितपणे आले ते १८७३ मध्ये. त्या जागी उभे राहून रुळावरची बैलजोडी पाहायला कोणाला आवडणार नाही?

जागा ओळखण्याचे कामही सोपे होत चालले आहे. गूगलने २०२२ मध्ये रस्त्यांच्या छायाचित्रांशी कॅमेऱ्याचे दृश्य जुळवून जागा ठरवण्याची सोय विकसकांना खुली केली. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात रस्त्यांची ही छायाचित्रे सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर यांच्याबरोबर आपले बडोदेही होते. मात्र ती गाडी पोळींच्या बोळात शिरत नाही, आणि आपला जुना मराठी बडोद्याचा इतिहास नेमका तिथेच आहे. तिथली माहिती बाहेरचा कोणी मराठीत लिहील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

विश्वस्त मंडळासाठी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. मध्यंतरी एक विक्रेते शाळेत या तंत्राचा 'वर्ग' विकायला आले होते. पडद्यावर अमेरिकेचा डायनासोर बाकांमधून फिरला, मुले खूष झाली. वर्षाची फी ऐकून आम्ही गप्प झालो. आपल्या शेजारी बालासिनोरजवळ रैयोली येथे सापडलेल्या, २००३ मध्ये नाव मिळालेल्या राजासौरसचा त्यात पत्ता नव्हता. मराठीचा तर नव्हताच. आमचे मत असे की मोठी खरेदी सध्या करू नये. जायरोस्कोप असलेले दोन वापरलेले फोन, एक रंगीत छपाई यंत्र आणि पन्नास फूट पारदर्शक नळी एवढ्यात विज्ञान मंडळाचे दोन वर्षांचे काम निघेल. फोन शाळेतच राहतील आणि शनिवारीच बाहेर निघतील. ज्या मुलांच्या घरी असा फोन नाही, ती मागे पडू नयेत म्हणूनही हेच योग्य वाटते. मुलांनी कोणाच्याही घरात वा अंगणात घरमालकाला विचारल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही, हा नियम आम्ही आधीच घातला आहे.

आता पालकांना विनंती. आमची रेघ एकाच सोसायटीपुरती खरी आहे, शेजारच्या गल्लीलाही ती चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी नवा डाग हवा, आणि डाग झपाट्याने नाहीसे होत आहेत. आपल्या भिंतीवर, जिन्याखाली, मीटरच्या पेटीवर किंवा कपाटाच्या मागे २०२४ च्या पाण्याची खूण अजून असेल, तर रंग देण्यापूर्वी जमिनीपासून टेप लावून उंची मोजावी, टेपसह एक फोटो काढावा, आणि सोसायटीचे नाव घालून कागद मुलांबरोबर वर्गशिक्षकांकडे पाठवावा. २०१९ च्या जुलैअखेरच्या पुराची खूण कोणाकडे असेल तर तीही हवी आहे. नळी घेऊन मुले येतील, चहा ठेवण्याचा आग्रह मात्र करू नये, एका सकाळी चार घरे करायची असतात.